कुर्लीला संघात ठेवायचे की नाही?

पोकेमॉन या व्हिडिओ गेमबद्दल, म्हणजे पोकेमॉन नावाचे प्राणी पकडून आणि सहा जणांचा संघ बांधून लढण्याच्या खेळाबद्दल, वेंगुर्ल्याजवळच्या एका गावातून आलेले पत्र थोडे आवरून येथे देत आहे.

"सादर नमस्कार. आमची घरची होडी आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्यामुळे जाळी सांधण्याचे काम सोडले तर हात मोकळे असतात. जहाजावर नोकरी करणाऱ्या मामेभावाने यंदा आपला जुना निन्टेंडो डीएस लाइट आणि पोकेमॉन फायररेडची कॅसेट माझ्याकडे ठेवली आणि मी त्यात पुरता अडकलो. सुरुवातीला स्क्विर्टल घेतला, त्याचाच पुढे वॉरटॉर्टल झाला. आज संघात वॉरटॉर्टल ३४, ग्याराडोस २९, किंगलर २८, पिजिओटो २७, पिकाचू २४ आणि हॉर्सी २३ अशा लेव्हलला आहेत. समोर येईल ते पकडत गेल्याने ५२ जाती झाल्या. पेटीत, म्हणजे संघाबाहेरच्या साठ्यात, ग्रोलिथ, अब्रा, डिगलेट, ऑडिश असे बरेच पडून आहेत. जिमच्या, म्हणजे आखाड्याच्या, प्रमुखाला हरवले की मिळणारे बॅज मात्र तीनच. सेलाडॉन शहरातली जिमप्रमुख एरिका हिच्याशी चार वेळा हरलो, म्हणून तिला बाजूला ठेवून फ्यूशिया शहरापर्यंत जाऊन आलो. तिथे सर्फ हा पाण्याचा डाव (मूव्ह) मिळाला, तो वॉरटॉर्टल, ग्याराडोस आणि किंगलर अशा तिघांना शिकवला, तरी पाचव्यांदाही हरलोच. वाटेत झोपलेल्या स्नोरलॅक्सला उठवले, पण पकडण्याआधीच तो लढाईत बेशुद्ध झाला. आता कोणते सहा घ्यावेत? एक अडचण आहे. खेकड्यासारख्या किंगलरचे नाव माझ्या भाचीने 'कुर्ली' ठेवले आहे आणि ती रोज बजावते, 'मामा, माझ्या कुर्लेक भायर काढू नको.' नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली की खेळायला वेळ मिळणार नाही. तोवर शेवटच्या चौघांना, म्हणजे खेळाच्या शेवटी भेटणाऱ्या चार बलाढ्य प्रशिक्षकांना, हरवायचे आहे."

आपल्या संघाची यादी वाचली आणि आधी हसू आले, कारण दर्यावर पोट असलेल्या माणसाने सहांपैकी चार पाण्यातलेच निवडावेत यात नवल काहीच नाही. मात्र आपण पाच वेळा का हरलात याचे उत्तरही त्याच यादीत आहे. एरिकाकडे व्हिक्ट्रीबेल, टँजेला आणि व्हाइलप्लूम असे तीनच पोकेमॉन असून त्यांतल्या सर्वांत वरच्याची लेव्हल २९ आहे, आणि आपला वॉरटॉर्टल ३४ लेव्हलचा आहे. म्हणजे लेव्हल कमी पडली म्हणून आपण हरलेला नाहीत. तिची गिगा ड्रेन ही मूव्ह ६० ताकदीची आहे. मारणाऱ्याचा आणि मूव्हचा टाइप, म्हणजे अग्नी, पाणी, गवत असा प्रकार, एकच असला की मार दीडपट होतो, आणि गवताचा मार पाण्यातल्याला दुप्पट लागतो, म्हणून वॉरटॉर्टलपर्यंत पोहोचताना ६० चे १८० होतात. आपल्या सर्फची ताकद ९५ आहे, ती दीडपट होऊन पुढे निम्मी होते, कारण पाण्याचा मार गवताला निम्माच लागतो, म्हणजे ७१ च्या आसपास राहते. शिवाय गिगा ड्रेनने जेवढे नुकसान होते त्याच्या निम्मे मारणाऱ्याला परत मिळते. सर्फ एकाला शिकवा किंवा तिघांना, हे गणित बदलत नाही.

होडीवर माणसे घेताना आपण सहाही जण तांडेल घेत नाही. एकाने सुकाणू धरायचे, एकाने इंजिन सांभाळायचे, बाकीच्यांनी जाळे ओढायचे असते. आपल्या संघात मात्र चौघे एकच काम करतात आणि ते काम जिथे चालत नाही तिथे चौघेही एकदम निरुपयोगी ठरतात. पोकेमॉन निवडताना तो किती बलवान आहे हे मी सर्वांत शेवटी पाहतो. आधी पाहतो ते हे, की उरलेले पाच जण जिथे अडतील अशी कोणती वाट हा मोकळी करतो. ज्याच्याबाबत या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही तो कितीही देखणा असला तरी पेटीत राहावा असे माझे मत आहे.

आता कुर्लीकडे येतो, कारण पत्रातला खरा प्रश्न मला तोच वाटला.

आपण खेळता तो फायररेड २००४ सालचा आहे; जपानमध्ये १९९६ साली आलेल्या मूळ खेळाची ती नवी आवृत्ती. त्या पिढीत असा नियम होता की, मूव्ह अंगबळावर मोजायची की विशेष शक्तीवर, हे त्या मूव्हच्या टाइपवरून ठरत असे. अग्नी, पाणी, गवत, वीज, बर्फ, सायकिक, ड्रॅगन आणि डार्क या आठ टाइपांच्या सर्व मूव्ह 'स्पेशल अटॅक' या आकड्यावर मोजल्या जातात, आणि नॉर्मल, जमीन, खडक, भूत वगैरे बाकीच्या 'अटॅक'वर. किंगलरचा मूळ अटॅक १३० आहे आणि स्पेशल अटॅक अवघा ५०. म्हणजे आपल्या कुर्लीची नांगी कितीही मोठी दिसली तरी तिने सर्फ मारला की तो त्या ५० मधूनच निघतो. आपल्याकडे खाडीत मिळालेली कुर्ली दिसायला मोठी असते, पण फोडल्यावर कधीकधी आत नुसते पाणीच निघते. सर्फ मारणारा किंगलर तसाच समजावा. त्याच्याकडून काम घ्यायचे तर स्ट्रेंग्थसारख्या नॉर्मल मूव्हनेच घ्यावे लागते.

येथे एक सावधगिरी सांगणे भाग आहे. आज फोनवर शोधले तर किंगलर आणि ग्याराडोस यांच्या पाण्याच्या मूव्हची भरपूर स्तुती वाचायला मिळेल, आणि ती खोटी नाही. परंतु ती २००६ नंतरच्या खेळांबद्दल आहे, कारण तेव्हापासून प्रत्येक मूव्हचा स्वतंत्र विचार होऊ लागला. त्याचप्रमाणे हल्लीच्या तक्त्यांत १८ टाइप असतात, कारण २०१३ साली 'फेअरी' हा टाइप वाढला. आपल्या कॅसेटमध्ये १७ च आहेत. नव्या तक्त्यावर विसंबून जुन्या खेळात संघ बांधणारे अनेक जण याच जागी फसतात, आणि एके काळी मीही फसलो आहे.

मग कुर्लीला काढायचे का? माझे उत्तर असे की तिला लढाईतून काढावे आणि प्रवासात ठेवावे. झाड तोडणे, पाण्यावरून जाणे, दगड ढकलणे आणि दगड फोडणे, म्हणजे कट, सर्फ, स्ट्रेंग्थ आणि रॉक स्मॅश, या चारही एचएम मूव्ह (लढाईबाहेर प्रवासातही लागणाऱ्या खास मूव्ह) किंगलर शिकू शकतो. खेळात एचएम एकूण सात आहेत आणि त्यांतल्या चार एकट्या कुर्लीच्या अंगावर मावतात. ही सोय किती मोठी आहे ते एचएम एकदा शिकवल्यावर साध्या पद्धतीने विसरवता येत नाही हे लक्षात घेतल्यावर कळते. चांगल्या लढवय्याच्या चार जागांपैकी दोन कट आणि रॉक स्मॅशने अडवून ठेवणे म्हणजे इंजिनवाल्याच्या डोक्यावर माशांची टोपली देण्यासारखे आहे. आपण सर्फ तिघांना शिकवला आहेच, तेव्हा फ्यूशियात मूव्ह विसरायला लावणारे गृहस्थ राहतात त्यांच्याकडे जाऊन ग्याराडोसचा सर्फ काढून घ्यावा. त्याचाही अटॅक १२५ आणि स्पेशल अटॅक ६० आहे, म्हणजे दुखणे कुर्लीचेच. वॉरटॉर्टलचा सर्फ मात्र राहू द्यावा. ३६ व्या लेव्हलला त्याचा ब्लास्टॉइज झाला की स्पेशल अटॅक ८५ होतो आणि पाण्याचे सगळे काम तो एकटा चोख करतो.

उडण्यासाठी फ्लाय लागतो, तो पिजिओटोकडे द्यावा आणि त्यालाही प्रवासापुरतेच बोलवावे. वर्मिलियनमध्ये स्पिअरो देऊन त्याच्या बदल्यात फारफेच्ड मिळतो. त्याला फ्लाय शिकवून पिजिओटोला मोकळे केले तरी चालेल, पण आपल्याकडे वेळ थोडा आहे, तेव्हा त्या फंदात पडू नये. हॉर्सीला सरळ पेटीत ठेवावे.

राहिला ग्याराडोस. चार पाण्यातल्यांपैकी दुसरा कोणता ठेवायचा असे विचाराल तर मी बेधडक त्याचेच नाव सांगेन. माउंट मूनजवळच्या विक्रेत्याकडून ५०० ला मॅजिकार्प घेतलात की गळाने काढलात हे आपण लिहिले नाही, परंतु नुसता तडफडणारा तो लाल मासा २० व्या लेव्हलपर्यंत नेण्याचा चिवटपणा ज्याने दाखवला त्याला आता फळ मिळायला हरकत नाही. ग्याराडोस पाणी आणि उडणारा अशा दोन टाइपांचा असल्यामुळे त्याला गवताचा मार दुप्पट लागत नाही, आणि जमिनीच्या टाइपचा तर लागतच नाही. समोर येताक्षणीच तो शत्रूचा अटॅक उतरवतो. विजेचा मार त्याला चौपट लागतो हा त्याचा मोठा दोष खरा, पण विजेचे पोकेमॉन वापरणारा जिमप्रमुख सर्ज आपण केव्हाच मागे टाकला आहे, आणि यापुढच्या पाच जिमप्रमुखांत किंवा शेवटच्या चौघांत विजेच्या टाइपचा कोणीही नाही. सर्फच्या मोकळ्या झालेल्या जागी त्याला स्ट्रेंग्थ द्यावी, आणि शेवटच्या जिममधला जोव्हानी अर्थक्वेक ही जमिनीची मूव्ह शिकवणारा टीएम देईल तो याच्यासाठी राखून ठेवावा, म्हणजे १२५ चा आकडा कामी येईल.

पिकाचूच्या बाबतीत घाई करू नये. सेलाडॉनच्या मोठ्या दुकानात थंडर स्टोन २१०० ला मिळतो आणि तो लगेच लावून रायचू करण्याचा मोह होतो. पण पिकाचू २६ व्या लेव्हलला थंडरबोल्ट आपोआप शिकतो आणि रायचू लेव्हल वाढल्यावर नवे काहीच शिकत नाही. आपला पिकाचू २४ वर आहे. दोन लेव्हल थांबलात तर जी मूव्ह सेलाडॉनच्या गेम कॉर्नर या जुगारखान्यात ४,००० नाण्यांना मिळते, म्हणजे नाणी विकत घेतली तर ८०,००० खर्चून, ती फुकट पदरात पडेल.

एरिकासाठीचे औषध तर आपल्या पेटीतच पडून आहे. ग्रोलिथ फायररेडमध्येच रानात भेटतो, त्याच्या जोडीच्या लीफग्रीन या खेळात भेटत नाही, आणि आपण त्याला पकडून विसरून गेलात याचे मला मनापासून वाईट वाटले. त्यालाही दगडानेच आर्केनाइन करता येते, परंतु पिकाचूसारखीच गोष्ट येथेही आहे: ग्रोलिथ ३१ व्या लेव्हलला फ्लेम व्हील शिकतो, त्यानंतरच फायर स्टोन लावावा. आणखी थांबून ४९ व्या लेव्हलला फ्लेमथ्रोअर घेणारेही आहेत, पण तोवर नारळी पौर्णिमा उलटून जाईल. एरिकासमोर फ्लेम व्हील पुरेशी आहे. तिचे पोकेमॉन झोप आणणारी पूड उडवतात, आणि माझा अंदाज असा की आपली निम्मी हार त्या झोपेतच झाली असावी. त्यावर उपाय आपल्या पिशवीत आहे. स्नोरलॅक्सला ज्या पोके फ्लूटने उठवलेत तीच लढाईत वाजवली की झोपलेला पोकेमॉन जागा होतो, आणि ती कितीही वेळा वापरली तरी संपत नाही. वाजवण्यात एक पाळी जाते एवढेच.

पाचवा अब्रा. त्याला टेलिपोर्टशिवाय काहीच येत नाही म्हणून बहुतेक जण त्याला कंटाळतात, पण १६ व्या लेव्हलला त्याचा कडाब्रा होतो आणि त्याचा स्पेशल अटॅक १२० आहे. पुढे अलाकाझाम करण्याची वाट आपल्याला बंद आहे, कारण ते रूप फक्त अदलाबदलीनेच मिळते आणि डीएस लाइटमध्ये जुन्या कॅसेटचा खेळ चालत असला तरी दुसऱ्या यंत्राशी जोडून अदलाबदल करता येत नाही. मशोक, ग्रॅव्हलर आणि हाँटर यांचीही गोष्ट तीच, तेव्हा त्यांच्या शेवटच्या रूपाच्या आशेवर वेळ घालवू नये. कडाब्राला ही उणीव फारशी बाधत नाही. तो काचेसारखा नाजूक आहे, एक जोरदार ठोसा बसला की संपला, परंतु तो वेगवान असल्याने बहुतेक वेळा आधी मारतो.

कडाब्राच का आणि डिगलेट का नाही, हे कोगाच्या जिममध्ये स्पष्ट होईल. कोगाचे पोकेमॉन विषाचे आहेत आणि विषावर जमीन भारी पडते, म्हणून पुष्कळ जण मोठ्या विश्वासाने डगट्रिओ (डिगलेटचे पुढचे रूप) घेऊन आत जातात. कोगाकडे दोन कॉफिंग, एक वीझिंग आणि एक मक आहे. त्यांपैकी मक सोडला तर तिघेही हवेत तरंगतात आणि तरंगणाऱ्याला जमिनीची मूव्ह लागतच नाही. पुढे शेवटच्या चौघांतल्या अगाथाकडेही हाच घोळ होतो, कारण तिचे दोन्ही गेंगार आणि हाँटर तरंगणारेच आहेत. सायकिकला मात्र अशी पळवाट नाही. कोगाचे चारही आणि अगाथाचे पाचही पोकेमॉन विषाचे असल्याने कडाब्राचा मार त्या सगळ्यांना दुप्पट लागतो, त्याच चौघांतल्या ब्रूनोच्या तीन पहिलवानांनाही लागतो, आणि एरिकाच्या व्हिक्ट्रीबेल व व्हाइलप्लूममध्येही विष असल्याने तिथेसुद्धा त्याचा उपयोग होईल. एका पोकेमॉनने चार दारे उघडावीत असे क्वचित घडते.

या अब्राला वाढवायचे कसे, हा प्रश्न आपल्या मनात आला असेल. आपण रापण लावल्यासारखे जे आले ते ओढत गेलात, ते आता उपयोगी पडणार आहे. फ्यूशियाच्या पूर्वेला रूट १५ आहे, त्याच्या चौकीच्या वरच्या मजल्यावर प्रोफेसर ओकचा मदतनीस बसलेला असतो, आणि ज्याने ५० जाती पकडल्या असतील त्याला तो एक्सप. शेअर देतो. आपल्या ५२ झाल्या आहेत. ती वस्तू अब्राजवळ ठेवली की लढाई दुसऱ्याने केली तरी मिळणारा निम्मा अनुभव अब्राच्या खात्यात जमा होतो. वर्मिलियनच्या पोकेमॉन सेंटरमधून मिळणारा व्हीएस सीकर जवळ असेल तर त्याच त्या प्रशिक्षकांशी पुन्हा लढता येते. गवतात फिरून रानटी पोकेमॉन मारत बसण्यापेक्षा ते पुष्कळ लवकर होते. कडाब्रा झाला की एक्सप. शेअर ग्रोलिथकडे द्यावा.

सहावी जागा स्नोरलॅक्ससाठी राखावी. सेलाडॉनच्या पश्चिमेचा आपल्या हातून गेला तो गेला, पण रूट १२ वर दुसरा झोपलेला आहे आणि त्याच्यानंतर तिसरा नाही. त्याला उठवण्यापूर्वी खेळ सेव्ह करावा. पावसात आपल्याकडे लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून चार्जिंगही पाहून घ्यावे. फ्यूशियाच्या दुकानात अल्ट्रा बॉल १,२०० ला मिळतो, ते दहा-पंधरा तरी सोबत असावेत. गेल्या वेळी आपण बहुधा वॉरटॉर्टलनेच मारत राहिलात. या वेळी पिकाचूने आधी थंडर वेव्ह लावून त्याला लुळे करावे, कारण लुळा झालेला पोकेमॉन दीडपट सहज पकडला जातो, आणि मग हॉर्सीसारख्या कमी ताकदीच्या पोकेमॉनने थोडेथोडे टोचत जावे. म्हणून हॉर्सीला पेटीत ठेवा असे जे वर लिहिले ते या एका दिवसापुरते मागे घेतो.

स्नोरलॅक्सची तब्येत १६० आहे, अटॅक ११०, आणि नॉर्मल टाइपचा असल्याने भुतांच्या मूव्ह त्याला लागतच नाहीत. साब्रिनाच्या सायकिक जिमपुढे बहुतेकांची तारांबळ उडते. तेथे माझी आवडती युक्ती अशी की गेम कॉर्नरमधून ४,५०० नाण्यांचा शॅडो बॉल आणून तो स्नोरलॅक्सला शिकवावा. भूत हा टाइप या खेळात अंगबळावर मोजला जातो, त्यामुळे ११० चा आकडा पुरेपूर वापरला जातो आणि सायकिकवर तो दुप्पट बसतो. पैसे एकाच गोष्टीवर खर्च करता येण्यासारखे असतील तर मात्र थांबावे, कारण शेवटच्या चौघांतल्या ड्रॅगनवाल्या लान्ससाठी आपल्याला बर्फाची एक तरी मूव्ह लागणारच आहे. त्याचा ड्रॅगोनाइट ६० लेव्हलचा असतो आणि बर्फाचा मार त्याला चौपट लागतो. बर्फाशिवाय त्याला पाडणे अशक्य नाही, पण औषधांच्या बाटल्या फार लागतात. पहिल्यांदा खेळताना मी चारिझार्ड आणि पिशवीभर औषधे एवढ्यावर त्याच्यासमोर गेलो होतो, आणि बाटल्या संपल्या तरी त्याचे दोन पोकेमॉन उभे होते.

ब्लास्टॉइजला आइस बीम शिकवायचा तर पुन्हा ४,००० नाणी मोजावी लागतात. येथे एक स्वस्त वाट आहे. सॅफ्रॉनच्या सिल्फ कंपनीत आपल्याला २५ लेव्हलचा लॅप्रस भेट मिळेल, आणि तो ३१ व्या लेव्हलला आइस बीम स्वतःच शिकतो. आपण दर्यावर्दी आहात, तेव्हा लॅप्रस पाहून आपले मन त्याच्यावर जाणार हे मी आजच लिहून ठेवतो. त्याला घ्यायला माझी हरकत नाही, फक्त एक अट पाळावी: तो आत आला तर ग्याराडोस किंवा ब्लास्टॉइज यांपैकी एकाने बाहेर जावे. पाण्यातले तीन पुन्हा एकत्र दिसले तर आपण जिथून निघालात तिथेच परत आलात असे समजावे. माझ्या मते पैसे असतील तर ब्लास्टॉइजला आइस बीम द्यावा आणि लॅप्रसचा मोह टाळावा, कारण शेवटच्या चौघांसमोर उभे राहायला ५० च्या आसपास लेव्हल लागते आणि २५ पासून नव्याने एकाला तिथवर नेण्याइतके दिवस आपल्या हाती उरतील असे वाटत नाही.

शेवटच्या चौघांकडे हे सहा घेऊन गेल्यावर काय होईल तेही पाहून घेऊ. लोरेलाइच्या पाचांपैकी चार पाण्यातले आहेत, ते रायचूचे. उरलेली जिंक्स आर्केनाइनची. ब्रूनोचे दोन ऑनिक्स ब्लास्टॉइजचा एकेक सर्फ खाऊन पडतील, बाकीचे कडाब्राने घ्यावेत, आणि कडाब्रा पडला तर ग्याराडोसने, कारण पहिलवानी मूव्ह त्याला निम्म्याच लागतात. अगाथासमोर कडाब्राने सुरुवात करावी, मात्र तिचा गेंगार त्याच्यापेक्षा किंचित वेगवान आहे, तेव्हा स्नोरलॅक्स मागे तयार असावा. लान्सच्या ग्याराडोसला विजेचा मार चौपट लागतो आणि एरोडॅक्टिलला दुप्पट, म्हणून ते दोन्ही रायचूचे. त्यानंतर भेटणारा आपला जुना प्रतिस्पर्धी, आपण स्क्विर्टल घेतल्यामुळे, व्हीनसॉर घेऊन उभा असेल. तो पुन्हा गवताचाच, आणि एरिकाकडे जे काम आर्केनाइनने केले तेच त्याने येथे करायचे आहे. या पाचही लढायांच्या मध्ये पोकेमॉन सेंटरला परत जाता येत नाही, म्हणून औषधे आधीच भरून घ्यावीत.

नव्या बांधणीत सगळे एका लेव्हलला आले नाहीत तरी काळजी करू नये. स्नोरलॅक्स आणि कडाब्रा ४८ वर असले आणि ब्लास्टॉइज ५४ वर असला तरी भागते. फक्त एकट्या ब्लास्टॉइजला ७० वर नेऊन बाकीच्यांना २५ वर ठेवण्याची चूक करू नये. आपल्या यादीत वॉरटॉर्टल आणि हॉर्सी यांच्यात आजच ११ लेव्हलचे अंतर आहे, त्यावरून ही सवय आपल्याला थोडी आहे असे दिसते.

भाचीला मात्र खरे ते सांगावे. कुर्ली लढाईत फारशी दिसणार नाही, पण सफारी झोनमध्ये सापडणारी सोन्याची कवळी फ्यूशियाच्या वॉर्डनला नेऊन दिली की स्ट्रेंग्थ मिळते, ती आधी कुर्लीला शिकवावी आणि मग ग्याराडोसला. वाटेतले दगड ढकलण्यासाठी ती वापरायची परवानगी एरिकाचा बॅज मिळाल्याशिवाय मिळत नाही. तो मिळाला की चौघांकडे जाणाऱ्या व्हिक्टरी रोडच्या गुहेतला प्रत्येक दगड कुर्लीच ढकलेल, आणि त्या वेळी बटण दाबायला भाचीला बसवावे.